केशरबाईचा चातुर्मास

ऐका बायांनो, एका काचेच्या तळ्याची कहाणी. फार वर्षांपूर्वी सरोजकाकूंच्या घरी, भल्यामोठ्या काचेच्या टाकीत केशरबाई नावाची सोनेरी मासोळी राहायची. काकूंनी हौसेनं लावलेलं प्रत्येक रोप ती संध्याकाळपर्यंत मुळासकट फस्त करायची. शेवटी काकू वैतागल्या. "हेही रोप खाल्लंस, तर तुला दुकानात परत पाठवीन!"

नवं रोप जाड पानांचं होतं, दगडाला बांधलेलं. तरी केशरबाईला राहवेना. "जरासं चाखते हं."

"चाख की, बाई," रोप म्हणालं.

पान काही तुटेना, वर कडू! उपटावं, तर दगड हलेना. तोंड वाकडं करत केशरबाई बाजूला झाली.

सकाळी रोप जागच्या जागी बघून काकू हरखल्या. "गुणाची गं माझी बाई! आता राहा इथेच."

"ऐकलंस ना?" केशरबाई रोपाला ऐटीत म्हणाली. "चातुर्मासात पालेभाजी सोडलीय मी."

रोप गालात हसलं. "आणि चातुर्मास संपल्यावर?"

केशरबाईनं त्या जाड पानाकडे एकदा पाहिलं.

"नेम वाढवीन म्हणते."

जसा केशरबाईला शेजार लाभला, तसा तुम्हांआम्हांलाही लाभो.