येसाजीची वीणा

भाविकहो, माळवेढे गाव आज पाहिलेत तर तुमचा विश्वास बसायचा नाही. नदीवर पूल झाला, देवळापुढे गुळगुळीत फरशी आली, आणि आरतीला विजेवर चालणारा नगारा आपोआप बडवला जातो. बडवू दे बापडा! पण देवळाच्या उजव्या अंगाला तेव्हा एक मोठी चिंच होती आणि तिच्याखाली गोणपाटावर श्री निवांत महाराज बसलेले असत. महाराजांचे मूळ नाव काय, गाव कोणते, हे कधीच कुणाला कळले नाही. कुणी रडत येवो, भांडत येवो, महाराज आधी एवढेच म्हणत, "निवांत बस." तेच त्यांचे नाव होऊन गेले. त्यांच्या त्या दोन शब्दांनी माणसाचा निम्मा ताप उतरायचा, असे पाहिलेली माणसे सांगत. ती माणसेही आता राहिली नाहीत.

माळवेढ्याचा श्रावणातला सप्ताह पंचक्रोशीत नावाजलेला. सातही दिवस देवापुढे वीणा अखंड वाजती ठेवायची. गळ्यात अडकवून, उभ्याने. एकाचा पहारा संपला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जायची, पण जमिनीला टेकायची नाही. पहिला पहारा चाळीस वर्षे येसाजी बुरुडाने केला. दिवसभर सुपे-टोपल्या विणणारा हा माणूस वीणा गळ्यात पडली की झाडासारखा उभा राहायचा. वीणा असायची त्याच्याच घरी, आणि तिथेही त्याने ती कधी आडवी ठेवली नाही. कोपऱ्यात खुंटीला उभी टांगलेली असायची आणि लेकरांना ताकीद होती, "तिला निजवू नका रं. देवाचं काम करनारी हाय ती."

येसाजी गेला. पहिला पहारा त्याच्या मुलाकडे, भागूजीकडे आला. पण वीणाही म्हातारी झाली होती, तारा बद्द बोलू लागल्या होत्या. भागूजीने गावकऱ्यांच्या विनवण्या करून ती दुरुस्तीला मिरजेला धाडली. गावातले कुणी लग्नाला त्या बाजूला निघाले होते, त्यांनी ती हातोहात पोहोचवली. परत मात्र रेल्वेने यायची होती. त्यासाठी भागूजीने आठ दिवस खपून कळकाच्या कामट्यांचा एक पेटारा विणून दिला. असा सुबक, की मिरजेचा कारागीरही बघत राहिला. मात्र पेटारा होता उभा, पुरुषभर उंचीचा. सोबत निरोपही होता, की वीणा निजवू नये, उभीच पाठवावी. कारागिराने उलट पत्र लिहिले, 'वाद्य पेंढ्यात आडवे निजवून पाठवायची आमची रीत आहे. उभे पाठवल्यास धोका.' भागूजीने पोस्टमास्तरांकडून उत्तर लिहून घेतले, 'बाबांनी कधी निजवली नाही. उभीच पाठवा.' आता काय म्हणावे या भोळेपणाला! भक्तीच्या पोटी केलेली चूक ती, पण चूक ती चूकच.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी दुपारी बैलगाडीतून पेटारा आला. भागूजीने दोर सोडले, झाकण काढले आणि आतला पेंढा बाजूला सारताच तो मटकन खाली बसला. वाटेत पेटारा कुठेतरी उलटला होता. दांडी शाबूत, खुंट्या शाबूत, पुढची लाकडी तबलीही धड होती. पण मागचा भोपळा फुटून त्याचे तुकडे पेंढ्यात पसरले होते. कुणीतरी तार छेडली. खट् असा आवाज आला आणि विरला.

त्या वर्षी कीर्तनाला त्र्यंबकबुवा आले होते. संस्थानात गायलेले, जरीची शाल पांघरणारे. बुवांचा कान मोठा तयार, हे कबूल करायला हवे. डोळे मिटून ते सांगत, "तिसरी तार केसभर उतरली आहे," आणि ती खरोखर उतरलेली असे. पण त्या कानाचा त्यांना भारी गर्व. ते देवळाच्या ओट्यावरून म्हणाले, "अरे, टोपल्या विणणाऱ्याने टोपल्याच विणाव्यात. वाद्य उभे करून का पाठवतात? प्रवासाला निघालेला पाहुणा वाटला का तुला?"

लोक हसले. भागूजीची मान वर होईना.

"मंडळी, चिंता नको," बुवा पुढे म्हणाले. "माझी वीणा मी बरोबर आणली आहे. उद्या तीच उभी करा. पहिला पहाराही मीच करीन. भोपळा गेला की नाद गेला. आता हे सरपण आहे."

गावकरी एकमेकांकडे बघू लागले. सप्ताह तर खंडता कामा नये. भागूजीला कळून चुकले, की बाबांची वीणा गेली ती गेलीच, बाबांची देवापुढची जागाही आता जाणार. तुकडे धोतराच्या सोग्यात घेऊन तो चिंचेखाली गेला.

"निवांत बस," महाराज म्हणाले.

"कसा बसू, महाराज? बाबांनी चाळीस वर्सं जपली, आन् म्या आठ दिसांत मातीत घातली वो!"

"उभी का पाठवलीस?"

"आडवी बघितलीच न्हाई कधी. मन झालं न्हाई, महाराज. बाबा निजल्यावानी दिसली असती."

महाराजांचे डोळे पाण्याने भरले. मग त्यांनी एकेक तुकडा घेऊन आपल्या झोळीत टाकला आणि म्हणाले, "तुकडे माझ्यापाशी राहू दे. उद्या सकाळी आंघोळ करून ये आणि आहे तशी गळ्यात घाल. पहिला पहारा तुझा."

महाराजांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. सकाळी देवळात मुंगी शिरायला जागा नाही अशी गर्दी. निम्मे भक्तीने आलेले, निम्मे फजिती बघायला. भागूजी उघड्या अंगाने देवापुढे उभा राहिला. फुटक्या भोपळ्याचे भगदाड त्याच्या छातीला टेकले. त्याने डोळे मिटले आणि तारेवरून बोट फिरवले.

काय सांगावे, भाविकहो! नाद उठला तो असा भरून, की समईच्या ज्योती हलल्या. गंभीर, गोड, थोडा घोगरा. येसाजीच्या भर उमेदीतला तो सूर म्हाताऱ्यांनी ओळखला आणि जो तो पदराने, उपरण्याने डोळे पुसू लागला. खांबाशी भागूजीची आई साळूबाई बसली होती. तिला दिसत नसे. तिने शेजारणीचा हात घट्ट धरला आणि विचारले, "धनी उभं ऱ्हायलं का गं?"

बुवा उठले. आधी गाभाऱ्यात डोकावले, मग खांबांच्या मागे फिरून आले. दुसरे कुणी लपून वाजवीत नाही अशी खात्री झाल्यावर ते पुढे येऊन म्हणाले, "आण इकडे."

भागूजीने दाराशी बसलेल्या महाराजांकडे पाहिले. महाराजांनी मान हलवली. बुवांनी वीणा जवळजवळ ओढूनच घेतली, शालीवरून गळ्यात घातली आणि तार छेडली. खट्. पुन्हा छेडली. खट्. बुवांनी खुंट्या पिळल्या, तारांखालची घोडी चाचपली, शाल काढून फेकली, वीणा उघड्या छातीला घट्ट धरली. आयुष्यभर सुरांत वावरलेल्या त्या माणसाच्या हाताखाली वीणा काही केल्या बोलेना.

"महाराज, हे काय आहे?" बुवांनी विचारले.

महाराज म्हणाले, "बुवा, नाद घुमायला आत रिकामी जागा लागते. भोपळासुद्धा पोखरून रिता केल्यावाचून बोलत नाही. आणि एक विसरलात. वीणा घेताना काय करायचे असते?"

बुवांना काय, देवळातल्या पोराटोरांनाही ते ठाऊक होते. वीणा घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचे, मग तो कुणीही असो. बुवा हजारदा पाया पडले होते. पण ते शास्त्र्यांच्या, सरदारांच्या. त्यांनी वीणा हळूच भागूजीच्या गळ्यात परत घातली. मग ते खाली वाकले आणि त्यांनी आपले कपाळ भागूजीच्या पायांवर ठेवले. कामट्या पायांत धरून तासता तासता त्या पायांना भेगा पडल्या होत्या.

"बुवा, आसं नगा करू," भागूजी पाय मागे घेऊ लागला.

"निवांत उभा राहा," महाराज म्हणाले.

बुवांना हुंदका आवरेना. "भागूजी, मला पहारा दे रे," ते म्हणाले. "पहिला नको. तुझ्या मागचा दे."

भागूजीने दोन्ही हातांनी वीणा काढून त्यांच्या गळ्यात घातली. या वेळी तार छेडायला बुवांचा हात धजेना. खांबाशी बसलेली साळूबाईच म्हणाली, "वाजवा, बाबा. थांबवू नका."

बुवांनी डोळे मिटून तारेवरून बोट फिरवले आणि देऊळ पुन्हा येसाजीच्या सुराने भरून गेले. ते ऐकता ऐकता बुवांची मान खाली गेली, आणि पहारा संपेपर्यंत ती त्यांनी वर केली नाही. अशा त्या निवांत महाराजांच्या चरणी आपलेही मस्तक असेच टेकलेले राहो.