येसू सुईणीचा उजवा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, धामणदऱ्याला रस्ता नव्हता तेव्हाची. तिथं येसू नावाची सुईण होती. पोटावर उजवा हात फिरवला की आत बाळ कसं निजलंय ते तिला कळायचं. आडवं असलं तर हळूहळू सरळ करायची. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्या हाताने जगात आणली, असं म्हणतात.

हत्तीच्या नक्षत्रात पठारावर शेळ्या वळवताना तिच्या अगदी जवळ वीज पडली. सगळं पांढरं झालं, आणि तीन दिवस तिला काही ऐकू आलं नाही. मग कान उघडले, पण उजवा हात खांद्यापासून लुळा. निखारा लागला तरी कळेना. येसू त्या हाताला मांडीवर घेऊन अंगाई म्हणायची. हसू नका! तिची सून तारा तीन महिन्यांची पोटुशी होती, पहिलटकरीण, आणि दुसरी सुईण तीन डोंगर पलीकडे.

दिवाळी सरता सरता बोटं हलू लागली, पण त्यांना कळत काहीच नव्हतं. मग बायका तिचे डोळे बांधून तळहातावर धान्य ठेवायच्या.

"ओळख बघू!"

"तांदूळ."

"अगदी बरोबर!"

असायचे मूग. पण येसूचा चेहरा असा उजळायचा, की खरं सांगायचं सगळ्यांच्या जिवावर यायचं.

एक दिवस तारा म्हणाली, "आत्याबाई, ते मूग होते. रोजच चुकताय तुम्ही."

"अगं, जिभेला काही हाड!" बायका खवळल्या.

येसूने डोळ्यांवरचं फडकं सोडलं. खूप रडली. मग म्हणाली, "उद्यापासून ही एकटीच विचारील मला."

रोज दुपारी सासू-सुना बसायच्या. "चूक." "चूक." "चूक, आत्याबाई." माघात हाताला मुंग्या आल्या, नुसती आग आग झाली, आणि येसू आनंदाने ओरडली, "दुखतंय गं!" त्यानंतर मूग मूग लागायला फार दिवस गेले नाहीत.

चैत्रात ताराला कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं. भर दुपारी पठारावर धुकं उतरलं आणि पाखरं गप्प झाली, असं म्हणतात. ताराने विचारलं, "आत्याबाई, कळतंय का? खरं सांगा."

"ही टाच. हे डोकं," येसू म्हणाली. "पोरगी आहे, आणि डाव्या गालाला खळी आहे." तिने बाळ हळूहळू वळवलं. दिवस मावळायच्या आत पोरगी झाली, खळीसकट.

येसूला जाऊन किती पिढ्या झाल्या, कोण जाणे. धामणदऱ्यात आजाऱ्याला भेटायला गेलेले सगळे "बरा दिसतोस" असंच म्हणतात, जगरीतच आहे ती. पण आजाऱ्याने हात पुढे करून "येसूची आण" म्हटलं, की तो हात हातात घ्यायचा आणि खरं ते सांगायचं. सांगून झाल्यावर मात्र उठून जायचं नाही. तिथंच बसायचं.