सुई शून्यावर

"...आणि पॉवर चालू असताना कॉइलचा खटका फिरवायचा का?"

"नाही, अण्णा."

"का?"

"फिरवायचा नाही, असा नियम आहे."

मगदूम अण्णांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते श्रेणिकला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

अण्णा पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले. कृष्णाकाठच्या एका टेकडीवर त्यांनी हौशी रेडिओचं केंद्र थाटलं होतं. पूर आला, मोबाइल मुके झाले, की खालच्या गावांचे निरोप याच खोलीतून बाहेर जायचे. यंदा अण्णांचे गुडघे टेकडी चढताना कुरकुरायला लागले होते. खोलीची किल्ली आता कुणाला द्यायची, हा प्रश्न होता.

श्रेणिक चौगुलेच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. गडी इंजिनिअर, परवान्याच्या परीक्षेत पहिला, आणि दोन वर्षं दर रविवारी अण्णांपुढे बसलेला. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला होती. त्याची नजर सारखी तिकडेच.

"आधी दहा वॉटवर जुळवायचं," तो धडाधड म्हणू लागला, "सुई शून्यावर आली की मगच चारशे. पेटीचं झाकण उघडायचं नाही. बोलताना तारेला हात लावायचा नाही..."

"काही विचारायचंय?"

"नाही, अण्णा. सगळं समजलंय."

"दोन वर्षांत एकदा तरी विचार की रं."

"समजलंच आहे, तर काय विचारू?"

अण्णा हसले.

"बस मंग. दे हाक. कुणी एकानं जरी ओ दिली, तर किल्ली तुझी."

टेबलावर ट्यूनर होता. पत्र्याची पेटी, पुढं दोन बटणं आणि मधोमध कॉइलचा खटका. यंत्र आणि अँटेना यांचं जमवून देणारा मध्यस्थच म्हणा ना. जमलं नाही, तर पाठवलेली पॉवर उलटी यंत्राकडं येते. किती आली, ते सुई दाखवते.

श्रेणिकनं दहा वॉटवर बटणं फिरवली. सुई झटक्यात शून्यावर बसली. एवढ्या लवकर ती अण्णांच्या हातानंही बसत नसे. स्पीकर अगदी गप्प होता, नेहमीची खरखरसुद्धा नव्हती. बरंच आहे, त्याला वाटलं, आज हवा स्वच्छ आहे.

त्यानं पॉवर चारशेवर नेली, बोलायचं बटण दाबलं. कोणी ऐकतंय का?

...

पुन्हा हाक. पुन्हा.

...

रविवारची दुपार. एरवी या वेळी गोव्यापासून नागपूरपर्यंत माणसं गप्पा हाणत बसलेली असतात. आज सगळी गेली कुठं? त्यानं सुईकडं पाहिलं. शून्य. मग चुकतंय काय?

दहा मिनिटं झाली. मागं अण्णा निवांत शेंगा फोडत बसले होते. तो कटकट आवाज श्रेणिकच्या डोक्यात जायला लागला. कॉइलचीच काहीतरी खोड असणार. बोलता बोलता, बटण दाबलेलं असतानाच, त्यानं कॉइलचा खटका फिरवला.

चट्ट!

पेटीत निळी ठिणगी उडाली. जळका वास सुटला. अण्णांनी उठून मेन स्विच पाडला.

"नियम पाठ हुता न्हवं?" आवाज चढला नव्हता.

"होता."

"मंग गेला कुठं?"

अण्णा गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि टेबलाखालून रंगाचा एक जुना डबा पुढं ओढला. ट्यूनरच्या मागून निघालेली केबल त्या डब्यात शिरली होती. अँटेनाची वायर खिडकीशी नुसतीच लोंबत होती.

"लाव हात."

डबा चांगला तापला होता.

"तेल हाय. आत एक रेझिस्टर, पॉवर गिळणारा. तुझी समदी हाक ह्यात गेली."

"पण सुई शून्यावर होती!"

"असणारच की. ह्या डब्यात काय बी घाल, परत काय येत न्हाई. फुडं बी जात न्हाई. नुसता गरम हुतो."

फसवलं म्हाताऱ्यानं. श्रेणिकचे कान तापले.

"चालू पॉवरवर खटका फिरवू नगंस, हे कितींदा सांगितलं असंल मी?"

"पंधरा-वीस वेळा तरी."

"अन् दर खेपेला तू काय म्हणलास?"

"समजलं, अण्णा."

अण्णांनी डब्यावर थाप मारली, शहाण्या पोराच्या पाठीवर मारतात तशी. मग ते परत शेंगांकडं वळले.

किल्ली आता गेली, हे श्रेणिकला पक्कं कळलं. फार वाईट वाटलं. उठून टेकडी उतरावी, असंच मनात आलं. पण वास अजून येत होता. तो वाकला आणि पेटीच्या जाळीतून आत डोकावला. खटक्याचं एक टोक काळं पडलं होतं.

"अण्णा... पॉवर तीच होती, तारा त्याच. मग नुसता खटका हलला, तर ठिणगी का उडाली?"

शेंगांचा आवाज थांबला.

"आणि स्पीकरमध्ये खरखरसुद्धा नव्हती. तेव्हाच मला कळायला हवं होतं का?"

अण्णा उठले. खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी टेबलावर, श्रेणिकच्या बाजूला ठेवली. स्टूल ओढून जवळ घेतलं.

"बस," ते म्हणाले. "दोन वर्षांत पयल्यांदा सुई हलली."