चित्रात उरलेला धूर

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या शहरात एक वृद्ध छायाचित्रकार राहत होते. त्यांचे नाव नाना सातभाई. त्यांचा स्टुडिओ केव्हाच बंद पडला होता, मोठे कॅमेरे कपाटात गेले होते आणि हाती उरला होता मुठीत मावेल एवढा एक डिजिटल कॅमेरा. तेवढ्याशा कॅमेऱ्याने अख्खे शहर एका लांबलचक चित्रात उतरवण्याची विद्या त्यांना साधली होती. ती त्यांनी एकाच शिष्येला दिली. रेवती तिचे नाव. तिशी उलटलेली, हाताने कुशल, आणि नाव मिळवण्याची जरा जास्तच घाई झालेली.

विद्या दिसायला सोपी. डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीजवळ उभे राहायचे, डावीकडून उजवीकडे ओळीने आठ फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर ते एकमेकांना जोडायचे. नानांचे नियम मात्र कडक होते. कॅमेऱ्याच्या बुडाशी स्क्रूसाठी छिद्र असते, त्यात ते एक बोल्ट बसवत, बोल्टाला सुतळी बांधत आणि सुतळीचे दुसरे टोक पायाखाली दाबून ती ताणून धरत, म्हणजे कॅमेरा वरखाली होत नसे. उजेड एकदाच मोजायचा, मध्येच बदलायचा नाही, नाहीतर एकाच शहरावर आठ रंगांचे आभाळ दिसते. आणि सर्वांत मोठा नियम असा, की प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा तिसरा हिस्सा आलाच पाहिजे. तो नसेल तर कोणतेही यंत्र त्या दोन फोटोंना एकत्र आणू शकत नाही.

त्याच शहरात इमारती बांधणारे एक व्यापारी होते. सगळे त्यांना शेठजी म्हणत. शेठजींनी रेवतीला बोलावून घेतले आणि आपल्या दिवाणखान्यासाठी शहराचे बारा फूट लांबीचे चित्र करायला सांगितले. चित्राखाली ठळक अक्षरांत तिचे नाव येईल आणि पुढची सगळी कामेही तिलाच मिळतील, असा शब्द दिला. रेवतीने तीन दिवस डोंगर चढून चित्र तयार केले. ते उत्तम झाले होते. शेठजींनी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्याहाळले आणि पाचव्या फोटोवर बोट ठेवले.

पाचव्या फोटोत कुंभारआळी होती. चाळीस घरे, वाळत घातलेली मडकी, आणि मधोमध मडकी भाजण्याचा आवा, त्यातून उजवीकडे वाहत गेलेला धूर. शेठजी म्हणाले की हे काही बरे दिसत नाही, सुंदर चेहऱ्यावर डाग असल्यासारखे वाटते, तेवढे काढून टाका. किती सहज म्हणाले! चाळीस घरे म्हणजे जणू कोटावर पडलेला चहाचा थेंब.

रेवतीने पाचवा फोटो काढून टाकला. तेव्हा कॉम्प्युटरने चौथा आणि सहावा फोटो जोडायला साफ नकार दिला. यंत्राला जी लाज होती ती माणसाला नव्हती, हे लिहिताना मला अजूनही संताप येतो. मग तिने ते दोन फोटो हाताने जोडले. कडेला अर्धीमुर्धी घरे उरली होती, त्यांच्यावर आठव्या फोटोतल्या माळाचे गवत पसरले. काम इतके बेमालूम झाले की तिचे तिलाच कौतुक वाटले.

चित्र छापून गेल्यावर तिला कळले की ते दिवाणखान्यासाठी नव्हतेच. कुंभारआळीची जागा शेठजींना हवी होती. तिथे मोकळा माळ आहे, कुणी राहत नाही, असा त्यांचा अर्ज नगरपालिकेत पडला होता आणि सुनावणीत हेच चित्र पुरावा म्हणून दाखवायचे होते. इथे तरी रेवतीने तोंड उघडायला हवे होते. ती गप्प राहिली. आपण फक्त चित्र केले, त्याचा उपयोग कोण कसा करतो याच्याशी आपला काय संबंध, अशी तिने मनाची समजूत घातली. शिकलेल्या माणसांना ही समजूत फार लवकर पटते. इतकेच नव्हे, चित्राखालचे आपले नाव गुरूने पाहावे म्हणून तिने नानांनाही सुनावणीला बोलावले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी सभागृह भरले होते. भिंतीवर चित्र लावले होते. एका बाजूला शेठजी आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला जमिनीवर बसलेली कुंभारआळी. वकिलांनी चित्राकडे हात करून सांगितले की शहराचे असे स्वच्छ दर्शन दुसरे मिळणार नाही आणि वादातली जागा मोकळी असल्याचे यात स्पष्ट दिसते. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मान हलवली. तेव्हा गिरजाबाई नावाची एक म्हातारी कुंभारीण उठली. तिच्या हातावर वाळलेली माती होती. तिने चित्र नीट पाहिले आणि शांतपणे विचारले, "सायेब, त्या चित्रात आमी न्हाई. मंग हितं कोन बसलंय?"

काही लोक हसले. हसणाऱ्यांची मला जास्त चीड येते. अधिकारी म्हणाले की म्हणणे लेखी द्या, आणि तिला बसायला सांगितले.

नाना शेवटच्या रांगेत होते. ते उठून चित्रापाशी गेले आणि चष्मा पुसून ते डावीकडून उजवीकडे पाहत चालू लागले. चौथा फोटो संपून सहावा सुरू होतो तिथे ते थांबले. मग मागे वळले. सभागृहाच्या कोपऱ्यात तिवईवर पिण्याच्या पाण्याचा माठ होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने तो भरलेला माठ दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरून चित्रापर्यंत आणला. पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडत होते. शिपाई धावला, त्याला त्यांनी जवळ येऊ दिले नाही. म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे कुणीतरी म्हणाले. रेवतीला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अधिकाऱ्यांनी विचारले, हे काय चालवले आहे.

"आग विझवायला आलोय," नाना म्हणाले. "या आभाळात धूर दिसतो आहे, पण खाली आग कुठे लागली आहे ते सापडत नाही. तुम्हाला सापडली तर सांगा, मी पाणी ओततो."

सगळे पुढे वाकून पाहू लागले. खरेच, सहाव्या फोटोच्या आभाळात करड्या धुराची एक पट्टी होती. रेवतीने घरे झाकली होती, आवा झाकला होता. धूर मात्र वाऱ्याने शेजारच्या फोटोत गेला होता आणि तिला तो ढग वाटला होता. हिरव्यागार, निर्मनुष्य गवतावर तो धूर तसाच तरंगत होता. आता कुणी हसत नव्हते.

शेठजी तावातावाने म्हणाले की हा कॅमेऱ्याचा दोष असेल.

"कॅमेरा खोटे बोलत नाही, बिचाऱ्याला ते येतच नाही," असे म्हणत नानांनी माठ खाली ठेवला आणि ते रेवतीकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यात राग होता. "शेजाऱ्याचा तिसरा हिस्सा आपल्या फोटोत घ्यायचा, हा नियम यंत्राच्या सोयीसाठी आहे असे तुला वाटले. यंत्राला मी कशाला शिकवू? मी तुला शिकवत होतो. शहरात कुणाचीच चौकट त्याच्यापाशी संपत नाही. या लोकांनी घडवलेल्या माठातले पाणी पीत ही सभा बसली आहे, आणि तू त्यांच्यावर गवत अंथरलेस. तुझा हात चुकला असता तर मी समजावले असते. तुझा हात चुकलेला नाही, रेवती, म्हणून मला लाज वाटते."

रेवतीने वर पाहिले. शेठजी तिच्याकडे पाहत होते. ती एक शब्द बोलली तर त्यांचे दार तिला कायमचे बंद होणार होते. तिने पर्समधून छोटा कॅमेरा काढला. मूळ फोटो त्यात तसेच होते. पाचवा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणून तिने तो अधिकाऱ्यांसमोर धरला आणि स्पष्ट सांगितले, "हा मी काढून टाकला होता. तिथे घरे आहेत."

अधिकाऱ्यांनी तो इवलासा पडदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. गिरजाबाईही येऊन शेजारी वाकली आणि तिने बोट टेकवले. "ही आमची सून. त्यो आवा मीच लावलेला."

पुरावा बाद झाला. अधिकाऱ्यांनी अर्ज थांबवला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतः जागा पाहण्याचे ठरवले. जागा पाहिल्यावर अर्ज फेटाळण्यात आला. शेठजींनी रेवतीला पुन्हा कधी बोलावले नाही. सुनावणीच्या दिवशी सभा उठली तेव्हा त्यांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी माठातले दोन पेले पाणी पिऊन घेतले आणि मग गाडीत बसले. अशा माणसांना काय म्हणावे ते मला कळत नाही.

रेवतीने नानांना विचारले की पाचवा फोटो आता जुन्या चित्रात बसवू का. नाना नाही म्हणाले. एकदा गवत अंथरलेल्या चित्रावर कोण विश्वास ठेवणार? चित्र पहिल्यापासून करावे लागेल.

म्हणून एका सकाळी ती एकटीच डोंगर चढून टाकीपाशी गेली. तिने बोल्ट बसवला, सुतळी पायाखाली दाबली, कॅमेरा डोळ्यांशी नेला. आभाळ स्वच्छ होते, उजेड हवा तसा होता. पण खाली कुंभारआळीत आवा अजून पेटला नव्हता. तिने कॅमेरा खाली घेतला, आणि धूर निघेपर्यंत सुतळीवर पाय ठेवून ती तशीच उभी राहिली.