सोनपंखीची रेघ

माणसांनी गरुडांच्या पाठीला यंत्रं बांधायला घेतली, तेव्हाची गोष्ट. उजनीच्या पाणथळावर हिवाळा काढणाऱ्या सोनपंखी गरुडिणीच्या पाठीवरही एक बसलं. ती कुठे उडते ते म्हणे उपग्रहावरून माणसांना दिसायचं. झालं! बाईसाहेबांचे पाय तसेही जमिनीला क्वचितच लागत. आता मानही आभाळाला टेकली.

उन्हं तापली, तसे सगळे गरुड उत्तरेला, घरट्यांच्या माळाकडे निघाले.

"चल गं, उशीर केलास तर घरटं जाईल," म्हातारी आत्या म्हणाली.

"तुम्ही व्हा पुढे, आत्याबाई. नकाशावर माझी रेघ उमटते. ती सरळसोट कशी शोभेल?"

मग काय, वाटेतल्या प्रत्येक तळ्यावर, प्रत्येक किल्ल्यावर तिने ऐटीत घिरट्या घातल्या.

ती माळावर पोचली, तेव्हा तिच्या घरट्यात दुसरीच गरुडीण अंडी उबवत होती, आणि सोनपंखीचा नवरा तिला उंदीर भरवत होता.

"मेल्या!" सोनपंखी किंचाळली. "मी कुठे आहे ते साऱ्या जगाला ठाऊक होतं!"

"असेल बाई. मला मात्र घरटं रिकामं दिसत होतं."

सोनपंखी शेजारच्या उघड्या दगडावर जाऊन बसली. यंत्राने तेही इमानाने कळवलं. आणि तिकडे माणसांनी टाळ्या वाजवल्या, "पोचली हो पोचली, घरट्यावर सुखरूप पोचली!"