गिळायचं नाही

“मग? बोल की. काय काय लागलं जिभेला?”

दिंडोरीच्या वायनरीचं थंडगार तळघर. ढिकले सर खुर्चीत, आणि समोर हातात ग्लास घेऊन शार्दूल, छाती ही एवढी फुगलेली! का नाही फुगणार, राव? आज सर ‘हो’ म्हणाले की वाईन चाखून पास-नापास करायची त्यांची खुर्ची उद्यापासून त्याची.

छोट्याशा बाटलीवर नाव नाही, साल नाही. होती-नव्हती ती सगळी रेड वाईन सरांनी त्याच्याच ग्लासात ओतलेली.

त्यानं हुंगली होती, तोंडभर घोळवली होती, आणि पचकन शेजारच्या भांड्यात थुंकली होती. गिळायचं नाही, हे सरांनीच तर पहिल्या दिवशी शिकवलेलं. गिळलं की जीभ खोटं बोलायला लागते.

“शिराझ द्राक्षाची. बारा-तेरा वर्षं मुरलेली. कडेला विटकरी झालीय बघा. सुकं जांभूळ, लवंग, थोडं चामडं... तोडणीआधी पाऊस लागलाय. आणि सर, हे मशीनचं काम नाही. पायानं तुडवलीत द्राक्षं.”

“अजून?”

“अजून काय! झालं की!”

असं म्हणत त्यानं उरलेला ग्लासही भांड्यात रिकामा केला. रीतच आहे तशी.

सर भांड्याकडे बघत राहिले.

“सगळं बरोबर. खुर्ची तुझी.”

“खरंच?... पण सर, तुम्ही घेतलीच नाही!”

“ही गेल्यापासून मला चव लागत नाही रे. कशाचीच.”

ही म्हणजे लीलाकाकू. शार्दूल पुण्याहून नवा नवा आला तेव्हा तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकणाऱ्या. “आधी पोटभर जेव मेल्या, मग काय थुंकायचं ते थुंक,” म्हणून खळखळून हसणाऱ्या.

शार्दूलनं ती बिननावाची बाटली उचलली.

“सर... कुणी तुडवलेली ही?”

“तिनंच. शेवटची बाटली होती.”

“मग सांगायचं ना!”

“वाटलं, ओळखशील... माझ्या वाटणीची तू पिशील.”

शार्दूलनं भांडं उचललं, आत पाहिलं. सकाळपासूनच्या सगळ्या वाईन एकात एक मिसळून गढूळ झालेल्या. त्यातून काकूंची कुठली काढणार?

डोळ्यांतलं पाणी ओघळत ओठांत शिरलं. खारट. सवयीनं तो भांड्यावर वाकला.

सरांनी त्याच्या हनुवटीला हात लावला.

“हे मात्र थुंकू नकोस.”