तिठ्यावरचे तीन दगड आणि खरवस

एका डोंगराच्या पायथ्याशी तीन राजे राहायचे. गोपूरच्या राजाकडे गाईच गाई. गूळगडच्या राजाकडे ऊसच ऊस. वेलबनच्या राजाकडे वेलचीचे मळे. तिघांची राज्यं एका तिठ्यावर येऊन टेकलेली. शेजारी असल्यामुळे तिघांचं अजिबात पटत नसे, बरं का.

शेजाऱ्याचा माल आत आला तर आपण बुडू, असं प्रत्येकाला त्याच्या प्रधानानं सांगितलं होतं. प्रधानाला कुणी सांगितलं, ते विचारायचं नाही. मग तिघांनी एका बैराग्याकडून एकेक दगड आणला आणि तिठ्यावर बसवला. साधासुधा दगड नव्हे, तोंड असलेला! कुणीही जाऊ लागलं की दगड विचारायचा, "काय आणलंस?" आणि त्यातला घास घ्यायचा. जिवंत प्राण्याला मात्र दात लावायचा नाही. एवढी लाज दगडांनाही होती.

बैरागी जाताना म्हणाला, "हे खातील तसे वाढतील. राजानं स्वतः 'जाऊ दे' म्हटलं तरच लहान होतील." राजांनी मान डोलावली. असं म्हणायची वेळ कशाला येते!

मग दगड खात गेले आणि वाढत गेले. आपला दगड उंच म्हणजे आपलं राज्य मोठं, म्हणून राजे खूश. गोपुरात मात्र गूळ पोचेपर्यंत सुपारीएवढा उरायचा. वेलबनात दूध औषधालाही मिळत नसे. आणि गूळगडात वेलची फक्त राजाच्या वाढदिवसाला, तीसुद्धा वास घेण्यापुरती.

तर त्या गोपुरात तानुबाई नावाची एक बाई होती. तिची लेक बकुळा वेलबनात दिलेली. बकुळाला दिवस गेले, आणि तिला डोहाळे लागले खरवसाचे. दुसरा घास घशाखाली उतरेना. पोर काडीसारखी झाली. वैद्य म्हणाला, "हिनं खाल्लं नाही तर आई आणि बाळ, दोघांचंही कठीण आहे."

तानुबाईनं खरवस केला आणि पातेलं घेऊन निघाली. तिठ्यावर पहिल्या दगडानं घास घेतला, दुसऱ्यानं घेतला, तिसऱ्यानं पातेलं चाटलं. बकुळाला मिळालं ते रिकामं पातेलं.

मग शेजारणीची गाय व्याली. तानुबाईनं म्हटलं, आता नुसता चीक नेऊ, तिकडेच शिजवू. दगडांनी चीक पिऊन टाकला. वर एक ढेकर.

मग तिसऱ्यांदा तानुबाईनं काय केलं? आपली गाभण गाय घेतली, चांदी नावाची, आणि निघाली! आता खा म्हणावं. दगड गप्प. पण खाऊन खाऊन ते इतके सुजले होते की मधली वाट चिंचोळी झालेली. चांदी मध्येच अडकली. पुढे जाईना, मागे येईना. आणि तिथंच तिला कळा सुरू झाल्या!

तानुबाईनं अशी हाक मारली की तिन्ही राजे ताटावरून उठून आले.

"महाराज, 'जाऊ दे' म्हणा! गाय मरेल माझी!"

"आधी गूळगडनं म्हणावं," गोपूरचा राजा म्हणाला. "त्यांचा दगड जाडा आहे."

"जाडा नाही, भरदार," गूळगडचा राजा म्हणाला. "आधी वेलबन."

"छे छे, आमच्याकडे पाहुण्यांना आधी मान देतात," वेलबनचा राजा म्हणाला.

तानुबाई म्हणाली, "मी तीन आकडे मोजते. तिघांनी एकदम म्हणा." मोजले. तिघंही गप्प. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा मोजले. आता तिघांची तोंडं हलली, आवाज कुणाचाच नाही.

मग तानुबाईनं पदर खोचला. "ऐका. गाय सुटली तर आज चीक आहे. गूळ तुमच्याकडे, वेलची यांच्याकडे. खरवस करीन. बोलेल त्याला वाढीन. गप्प बसेल त्यानं बाकीच्यांना खाताना बघावं!"

आता, दूध, गूळ आणि वेलची एका पातेल्यात पडलेला खरवस तिन्ही राजांपैकी कुणीच कधी खाल्ला नव्हता. तिघं एकदम ओरडले, "जाऊ दे!" आधी कोण ओरडलं ते कुणालाच कळलं नाही. तिन्ही राज्यांच्या इतिहासात मात्र आपलाच राजा आधी ओरडला असं लिहिलं आहे.

दगड पाटाएवढे झाले आणि त्यांची तोंडं मिटली. चांदी मोकळी झाली आणि कडेच्या हिरवळीवर व्याली. गोरी गोरी कालवड! तिचं पोट भरल्यावर तानुबाईनं चीक काढला. गूळगडच्या राजानं स्वतः ढेप फोडली. वेलबनच्या राजानं वेलची कुटली, निम्मी दाढीत सांडली. तिठ्यावरच चूल मांडली. तोवर निरोप गेला आणि सासूबाईंनी बकुळाला गाडीत घालून आणलं. पहिली वडी तिला. तिनं ती खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "आई, अजून." तानुबाई रडली आणि हसली, दोन्ही एकदम.

राजे रांगेत बसून वाट बघत होते. जन्मात पहिल्यांदाच.

मग ठरलं, दगडांना कुणी खायला घालायचं नाही. ज्याला जे हवं ते त्यानं न्यावं. सगळेच खूश झाले असं नाही हं. वेलबनात गोंदाजी हलवाई होता. त्याच्या बिनदुधाच्या पेढ्यानं खिळा ठोकता यायचा, पण दुसरा पेढाच नाही म्हणून लोक चोखत बसायचे. आता गोपूरचे मऊ पेढे आले. गोंदाजी रडत राजाकडे गेला. "महाराज, दगड मोठा करा! मी बुडालो!"

राजा म्हणाला, "बस. आधी तुझा एक पेढा खाऊन दाखव."

गोंदाजीनं बराच वेळ खाल्ला. मग उठला, गोपूरला गेला आणि खवा भाजायला शिकून आला. आता त्याच्या दुकानी गूळगडची माणसंसुद्धा रांग लावतात, आणि तो सगळ्यांना सांगतो की दगड लहान करायची कल्पना मुळात त्याचीच.

राजे अजून भांडतात, बरं का. पण आता एका पंगतीत बसून भांडतात, आणि वाढणारी आली की थांबतात.

बकुळाला टपोरी मुलगी झाली. तानुबाई सकाळी नातीला न्हाऊमाखू घालते आणि दुपारी आपल्या घरी जेवायला परतते. वाटेत तिला कुणी काही विचारत नाही.

ते सगळे पोटभर जेवून झोपले. तुम्हीही जेवला आहात. मग आता काय राहिलं? मिटा डोळे.